फिजिओबाईंचे झॉम्बी

फिजिओबाईंच्या हाताखालून गेलेला माणूस वाकडा चालत नाही, अशी त्या भागात ख्याती होती. ही ख्याती बऱ्याच अंशी बाईंनी स्वतःच पसरवली होती, पण ती खोटी आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं व्यायामाचं केंद्र होतं. धरून चालायला दोन समांतर दांडे, भिंतभर आरसा आणि जमिनीवर चिकटवलेली लांब पिवळी पट्टी. त्या पट्टीवरून मोडलेल्या, शिवलेल्या, नवे सांधे बसवलेल्या माणसांची वरात दिवसभर चालायची आणि बाई खुर्ची असूनही कधी न बसता ओरडत असायच्या, "टाच आधी! मान वर! जमिनीवर काही सांडलेलं नाहीये, समोर बघा!" भाजीच्या दुकानात बाई दिसल्या, तर त्यांचा एखादा जुना पेशंट हातातली पिशवी सावरायच्या आधी पाठ सावरायचा.

त्यांची लेक मात्र कधी सरळ चालली नाही. ती धावायची, नाहीतर कुठेतरी आडवी पडून फोनमध्ये डोकं घालायची. एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. पोटापाण्यासाठी ती लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायची आणि उरलेल्या वेळात सिनेमा काढायची स्वप्नं बघायची. त्या वर्षी स्वप्नाने चांगलीच उचल खाल्ली. सिनेमाचं नाव 'मेले तरी छळतात'. विनोदी झॉम्बीपट. म्हणजे मेलेली माणसं उठतात, फरफटत गावभर फिरतात, दिसेल त्याला चावतात आणि चावलेला माणूसही तसाच होतो. फक्त हे सगळं बघून लोकांनी घाबरायचं नाही, हसायचं. रक्त म्हणून बीटाचा रस, मेंदू म्हणून उकडलेला फ्लॉवर आणि नायक म्हणून भिंगरीचा एक कुरियरवाला मित्र, कारण स्कूटर त्याची स्वतःची होती.

सगळं जमलं, झॉम्बी काही जमेनात. मित्रमंडळी हात पुढे करून, डोळे फिरवून चालायची खरी, पण ते बघून ना भीती वाटायची ना हसू यायचं. "झोपेत फ्रीज शोधतायत मेले," भिंगरी वैतागून म्हणाली. मग एका दुपारी ती केंद्राच्या दारात उभी राहून पिवळ्या पट्टीवरच्या मंडळींकडे बघत बसली, आणि तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती आईने बरोबर ओळखली.

"नाही," बाई म्हणाल्या.

"अगं, मी अजून काही बोललेच नाही."

"बोलायच्या आधीच नाही. मी माणसांना माणसासारखं चालायला शिकवते. सगळी हयात गेली त्यात. आणि तू त्यांचेच मुडदे करणार?"

पण हे बोलणं बसवाले काकांच्या कानावर गेलं होतं. बसवाले काका म्हणजे निवृत्त बसचालक. खुब्याचा सांधा नवा होता, आवाज मात्र जुनाच. हातातले दांडे सोडून त्यांनी विचारलं, "चावायला मिळेल का?"

"कुणाला?" भिंगरी म्हणाली.

"कुणालाही. इतकी वर्षं प्रवाशांचं निमूट ऐकून घेतलंय मी."

शिंपीणबाईंचे दोन्ही गुडघे बाईंनी मार्गी लावले होते. त्यांनी लगेच सगळ्यांचे कपडे फाडून द्यायची जबाबदारी अंगावर घेतली. "कपडे नीट फाडावे लागतात हो. कसेही फाडले तर माणूस झॉम्बी नाही दिसत, नुसता गबाळा दिसतो." बाकीच्यांनीही हात वर केले. बाईंनी कपाळाला हात लावला. आपल्याच पेशंटांनी असा ऐन वेळी दगा द्यावा!

आतल्या खोलीत हे सगळं ऐकणारा आणखी एक माणूस होता, तो म्हणजे बाईंचे यजमान. एका मोठ्या हॉटेलात ते सगळ्या वेटरांचे प्रमुख होते, म्हणून गावभर सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. पांढरा कोट, हातावर घडी घातलेला रुमाल, तळव्यावर भरलेला ट्रे, आणि चाल अशी की ट्रेमधल्या पाण्याला आपण कुठे चाललोय याचा पत्ता लागायचा नाही. ऐन गर्दीत ते टेबलांमधून निघाले की जेवणारे घास हातात धरून बघत राहायचे. मग एके दिवशी त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, आता हे उभे राहतील अशी आशा धरू नका, चाकांची खुर्ची घ्या. बाईंनी डॉक्टरांकडे एकदा नुसतं पाहिलं आणि नवऱ्याला घरी आणून उभं केलं. आधी दांड्यांमध्ये, मग काठीने, मग काठीवाचून. हात बराचसा परत आला. पाय आला, पण अर्धाच. डावं पाऊल फरफटत यायचं आणि टाच काही केल्या आधी टेकायची नाही.

तिथे बाईंचं घोडं अडलं होतं. सगळे पेशंट गेले की त्या पुढच्या खोलीचे पडदे ओढायच्या आणि कॅप्टनना पिवळ्या पट्टीवरून चालवायच्या. टाच टेकली नाही की म्हणायच्या, "अजून थोडं नीट होऊ दे, मग आपण बाहेर जाऊ." कॅप्टन मान डोलवायचे आणि आत जाऊन बसायचे. ज्या माणसाची चाल बघायला लोक घास थांबवायचे, त्याला आता रस्त्यावर पाऊल ठेवायची लाज वाटणारच, हे बाईंना पटलेलं होतं. पण अर्ध्या गावाला चालतं केलेल्या बाईला एका माणसाला उंबऱ्याबाहेर काढता येत नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. हा माणूस पुन्हा चारचौघांत जाईल की नाही, एवढा एकच प्रश्न त्या घरात होता आणि त्यावर कुणी बोलत नसे.

तर, शेवटी बाई तयार झाल्या. लेकीच्या हट्टापुढे नमल्या असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पण खरं कारण वेगळं होतं. भिंगरीच्या मित्रांचं ते खोटं खोटं लंगडणं त्यांना बघवेना. "वाकडं चालायचं तर तेही नीट चाला!" त्या ओरडल्या, आणि तालमी सुरू झाल्या.

पहिल्याच तालमीला वेगळीच पंचाईत झाली. "माझ्याकडे पहिल्यांदा आलात तेव्हा जशा चालत होतात, तशा चाला," बाई शिंपीणबाईंना म्हणाल्या. शिंपीणबाई चालल्या, छान, सरळ. पुन्हा चालल्या, पुन्हा सरळच. "आठवतच नाही हो बाई," त्या ओशाळून म्हणाल्या. बसवाले काकांनी पाय ओढून बघितला, तर तो एखाद्या तरुणासारखा टपकन पुढे पडला. एकालाही आपलं जुनं चालणं येईना. ज्या दुखण्याने रात्ररात्र रडवलं होतं, ते अंगातून असं निघून गेलं होतं की बोलावूनही येत नव्हतं.

 मग बाई स्वतःच पिवळ्या पट्टीवर आल्या. गुडघे आत वळवले, श्वास कोंडला आणि दर पावलाला हाताने भिंत चाचपत चालून दाखवलं. "ह्या तुम्ही," त्या शिंपीणबाईंना म्हणाल्या. मग कंबर एका अंगाला टाकली, पाय बाहेरून फेकला आणि तोंडाने काहीतरी अर्वाच्य पुटपुटत निघाल्या. "हे तुम्ही, काका." अशी एकेकाची चाल त्यांनी काढून दाखवली, एकाचीही चुकली नाही. खोलीत हसण्याचा नुसता गोंधळ उडाला. शिंपीणबाई मात्र हसता हसता थांबल्या. "अशी होते मी?" त्यांनी हळूच विचारलं.

"अशा होतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढी माणसं आपण कुठून कुठे आणली, हे त्यांनी तोवर असं एकत्र कधी पाहिलंच नव्हतं.

चित्रीकरणाचा दिवस उजाडला. घरासमोरचाच रस्ता ठरला होता आणि तो दुपारपर्यंतच अडवायची परवानगी मिळाली होती. प्रसंग सोपा होता. कुरियरवाल्याची स्कूटर बंद पडते, तो किक मारत राहतो आणि रस्त्याच्या वरच्या टोकाकडून झॉम्बींची टोळी त्याच्यावर चालून येते. मंडळी तोंडाला मैदा फासून, हनुवटीवर बीट ओघळवून तयार होती. शिंपीणबाईंनी कपडे इतके बेताने फाडले होते की एकेक चीर बघत राहावी. बाई कडेला, कॅमेऱ्याच्या मागे उभ्या होत्या, डोळ्यांत तेल घालून. भिंगरीने खूण केली आणि झॉम्बी निघाले.

काय चालले ते! बसवाले काका पाय फेकत, गुरगुरत आले. शिंपीणबाई हवेतली भिंत चाचपत आल्या. कडेला बघायला जमलेली शेजारची पोरंसोरं खरोखर मागे सरकली. भिंगरी कॅमेऱ्यामागे आनंदाने उड्या मारायची तेवढी बाकी होती. आणि नेमकं तेव्हा, रस्त्याला जिथे उतार लागतो तिथे, शिंपीणबाईंचं पाऊल जरासं घसरलं.

बाईंना सिनेमा दिसेनासा झाला. त्यांना दिसले फक्त दोन गुडघे. "टाच आधी!" त्या अशा ओरडल्या की समोरच्या घराची खिडकी उघडली. "मान वर! समोर बघा!"

आणि सगळे झॉम्बी एकदम ताठ झाले. माना वर, खांदे मागे, नजरा समोर. टाच, चवडा, टाच, चवडा, अशी ती मेलेली माणसं रक्ताळलेल्या तोंडांनी कवायतीला निघाल्यासारखी उतारावरून खाली आली आणि कुरियरवाल्याच्या बाजूने शिस्तीत निघून गेली. बसवाले काकांनी तर जाता जाता त्याला मान लववून नमस्कारही केला. कुरियरवाला स्कूटरवर पोट धरून हसायला लागला.

"आई!" भिंगरी किंचाळली. "अगं, बाजूला राहून गप्प उभं राहायचं एवढंच काम होतं तुला!" बाईंचा चेहरा पडला. सदरे बीटाने माखून गेले होते आणि दुसरे नव्हते. पण भिंगरीने पाय आपटत ते दृश्य कॅमेऱ्यात पुन्हा लावून पाहिलं, आणि पाय आपटायचे थांबले. मग तिने ते परत पाहिलं. तिसऱ्यांदा बघताना ती रस्त्यावरच बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हाच सिनेमा," ती म्हणाली. "गोळ्या घाला, काठ्या मारा, झॉम्बी थांबत नाहीत. थांबतात ते एका फिजिओबाईच्या आवाजाला. आई, तू आहेस सिनेमात. आता फक्त शेवट पाहिजे. सगळे ऐकतात आणि एकच झॉम्बी असा असतो, जो काही केल्या ऐकत नाही. तो कोण करेल?"

"मी करतो," मागून आवाज आला.

घराचं दार उघडं होतं आणि दारात कॅप्टन उभे होते. अंगात पांढरा कोट, वरपर्यंत बटणं लावलेली. खिडकीतून सगळं बघता बघता त्यांनी तो कधी चढवला होता देव जाणे. "हिचं न ऐकण्याचा माझ्याइतका सराव दुसऱ्या कुणाला आहे?" ते म्हणाले, आणि डावं पाऊल ओढत एक पायरी उतरले. रस्ताभर हशा पिकला.

बाई मात्र हसल्या नाहीत. झपाझप जाऊन त्यांनी कॅप्टनचा दंड धरला. "अहो, आत चला," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "लोक हसतील."

"हसण्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"तुमच्या चालण्याला हसतील. तुम्हालाच बाहेर यायची लाज वाटते ना? मग आजच कसं सुचलं?"

कॅप्टननी त्यांच्याकडे खरोखरच नवलाने पाहिलं. "मला लाज? मला कशाची लाज वाटायची? तू म्हणायचीस, अजून थोडं नीट होऊ दे. मला वाटलं, तुला त्यातलं कळतं, तू जा म्हणालीस की जायचं. मी वाट बघत बसलो होतो."

"आणि ते पडदे..."

"पडदे तूच ओढायचीस गं."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच, पडदे कोण ओढत होतं? टाच टेकल्याशिवाय या माणसाला चारचौघांत न्यायचं नाही, हे ठरवलं कुणी? लोक काय म्हणतील, सगळ्यांना सरळ करते आणि घरचंच पाऊल वाकडं, ही भीती कुणाच्या पोटात होती? त्यांना एकदम रडू फुटेलसं वाटलं आणि स्वतःचा भयंकर राग आला.

"तू मला व्यायाम पुष्कळ दिलास," कॅप्टन समजुतीने म्हणाले. "काम मात्र कुणीच दिलं नाही. आज आपणहून आलंय, तर जाऊ दे मला."

बाईंनी दंड सोडला. ओठ घट्ट मिटून घेतले, नाक ओढलं आणि म्हणाल्या, "ट्रे उजव्या हातात धरा."

"ट्रेचं मला शिकवू नकोस," कॅप्टन म्हणाले.

तो प्रसंग एकदाच घेतला, कारण पहिल्याच वेळी जमला. फिजिओबाई रस्त्याच्या मध्यभागी उभ्या, दोन्ही बाजूंना ताठ उभे झॉम्बी, आणि वरच्या टोकाकडून कॅप्टन येत होते. हनुवटीवर बीट, हातावर रुमाल, उजव्या तळव्यावर ट्रे, ट्रेमध्ये बशीत ठेवलेला उकडलेला फ्लॉवर आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास. पाण्याचा ग्लास कथेत नव्हता. तो त्यांनी स्वतः मागून घेतला होता. डावं पाऊल फरफटत होतं, अंग दर पावलाला कलत होतं आणि ट्रे मात्र जागचा हलत नव्हता. "टाच आधी!" बाई ओरडल्या. कॅप्टन येतच राहिले. "मान वर!" कॅप्टननी मान आणखी खाली घातली. बाई जिवाच्या आकांताने ओरडत राहिल्या आणि ते आपल्या चालीने, अजिबात घाई न करता, पार त्यांच्यासमोर येऊन थांबले, अदबीने वाकले आणि ट्रे पुढे केला. पाण्याचा एक थेंबही सांडला नव्हता. कथेप्रमाणे बाईंनी किंचाळून पळायचं होतं. त्या पळाल्या नाहीत. त्यांनी ग्लास उचलला आणि पाणी पिऊन टाकलं, कारण त्यांच्या घशाला खरोखरच कोरड पडली होती. भिंगरीने तेही ठेवून दिलं.

सिनेमा पुरा झाला तेव्हा त्याचं नाव बदलून 'मेले तरी ऐकतात' असं झालं होतं. एका लहानशा सभागृहात रविवारी दुपारी तो पहिल्यांदा दाखवला. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. कॅप्टन घरापासून तिथवर चालत आले, दिवसाउजेडी, भर रस्त्यातून, आणि बाई त्यांच्या शेजारून, त्यांच्या वेगाने. वाटेत ओळखीचे भेटले की कॅप्टन थांबून बोलायचे. बाईंनी एकदाही त्यांच्या पायाकडे पाहिलं नाही, निदान उघडपणे तरी नाही.

बसवाले काकांनी पडद्यावर पहिला चावा घेतला तेव्हा टाळ्या पडल्या. झॉम्बी ताठ झाले तेव्हा छप्पर उडायची वेळ आली. मग कॅप्टन आले. पांढरा कोट, ट्रे, ते फरफटणारं पाऊल. सभागृह हसायला लागलं आणि बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. याच हसण्याला त्या इतके दिवस भीत होत्या. ते आता सगळ्या बाजूंनी येत होतं.

कॅप्टनच्या पलीकडच्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. ते हसून हसून डोळे पुसत होते. "काय चालतोय बघा हा म्हातारा!" ते कॅप्टनना म्हणाले. "किती सराव केला असेल!"

"तो मी," कॅप्टन म्हणाले.

"काय सांगता! वा! अहो, पण हे सोंग इतकं हुबेहूब जमवलंत कसं?"

"सोंग नाही ते. झटका आला होता. मी परत उभासुद्धा राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं." कॅप्टननी पडद्याकडे बोट केलं. "आणि आता बघा कुठवर आलोय."

त्या गृहस्थांचा चेहरा गोरामोरा झाला. "माफ करा हो. मी उगाच हसलो..."

"अहो, हसा की! हसावं म्हणूनच तर केलंय." कॅप्टन स्वतःच मोठ्याने हसले, आणि मग त्यांचा आवाज भरून आला. "फक्त हसून झालं की त्या पायाकडे जरा नीट बघा. त्यातलं एकेक पाऊल हिने घालून दिलंय."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. ते पाऊल ओढत ओढत पुढे येत होतं, टाच न टेकवता, आणि शेकडो माणसं चालवलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच त्यात काही दुरुस्त करावंसं वाटलं नाही. याच्याइतकं अवघड काम त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, आणि याच्याइतकं चांगलंही नाही. त्यांचा ऊर इतका भरून आला की हळू आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. कॅप्टनच्या अंगावरून पुढे वाकून, पिवळ्या पट्टीवर ओरडायच्या त्याच आवाजात, चार रांगांना ऐकू जाईल असं त्यांनी त्या गृहस्थांना सांगितलं,

"माझे पेशंट आहेत ते!"